खुणेवरचा स्क्रू

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि ती तर मी इंजिन उघडत होतो तेव्हा बाल्कनीच्या दारात उभी होती, एरंडेलाच्या जळक्या वासानं नाक मुरडत. तिनं काही पाहिलं का? कधी वाटतं, पाहिलं. मग वाटतं, पाहिलं असतं तर बोलली असती. आणि मग पुन्हा — नाही, नसतीच बोलली.

गोष्ट तशी खेळण्याची आहे. हसाल तुम्ही. रिमोटवर पळणारा ट्रक, हातभर लांब, पण बॅटरीवरचा नव्हे. पोटात मुठीएवढं खरं इंजिन, नायट्रो नावाच्या, एरंडेल मिसळलेल्या इंधनावर चालणारं, कानठळ्या बसवणारं. ट्रक माझा नाही, मुकुंदचा. मुकुंद बँकेत, मी इथल्या एका संशोधन संस्थेत. दोघंही नोकरीसाठी लखनौला आलो आणि इथलेच होऊन गेलो. गोमती नगरच्या पलीकडे जिथे अजून इमारती उठायच्या आहेत, तिथल्या मोकळ्या प्लॉटवर रविवारी सकाळी आम्ही दोन टक्कल पडलेली माणसं तो ट्रक पळवायचो. चालवायचा तो. इंजिन सांभाळायचो मी.

मुकुंद कसा आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सब्जीवाल्याच्या काट्याखाली तो वाकून बघतो. दूधवाल्याला विचारतो, "क्यों भैया, आज भैंस नहाके आई थी क्या?" ऑफिसात कुणी हसून बोललं तर घरी येऊन त्या हसण्याचा अर्थ लावत बसतो. आणि अशा माणसाचा एकट्या माझ्यावर विश्वास होता. मी एखादी गोष्ट पाहिली म्हटलं की ती आहे. "हा नमुने बघतो रे, दिसेल तेवढंच लिहितो," असं तो चारचौघांत सांगायचा. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याची मुलगी सानिका. नोकरीला लागलेली, हुशार, घरात मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी. तिनं प्रखरला घरी आणलं तेव्हा मुकुंदनं त्याला चहा पाजला, शहाण्यासारखं बोलला आणि तो गेल्यावर मला फोन केला. प्रखर इथलाच, विमान कंपनीत नोकरी, इथल्या अमौसी विमानतळावर काउंटरला. बोलण्यात अदब. त्या अदबीचाच मुकुंदला संशय! "इतकं वाकून कोण बोलतं रे? वाकला की हात कुठे जातो ते बघायचं असतं."

मी हसलो होतो. तेव्हाच म्हणायला हवं होतं की मुलगा चांगला दिसतो. नाही म्हटलं.

मग एका रविवारी त्यानं प्रखरला प्लॉटवर बोलावलं. पारखायलाच, दुसरं काय? रिमोट हातात दिला. मुलानं छान चालवला ट्रक. मुकुंद पाणी आणायला गाडीकडे गेला. परत येतो तर प्रखर ट्रकपाशी उकिडवा बसलेला. थोड्या वेळानं इंजिन बंद पडलं. गरम असताना पुन्हा सुरू होईना. मी दोरी ओढून ओढून दमलो.

"पेच घुमाया था?" मुकुंदनं विचारलं.

"नहीं अंकल, पहिये में घास फँसी थी। वही निकाली।"

मुकुंदनं माझ्याकडे पाहिलं. घरी जाताना म्हणाला, "उघड तू ते. आतून काय झालंय मला कळलं पाहिजे."

हा पेच — म्हणजे इंजिनात इंधन किती जावं ते ठरवणारा एक स्क्रू. तो आत पिळला की इंधन कमी जातं, इंजिन किंचाळतं, गाडी जोरात सुटते आणि आतून भाजून निघते. नवशिक्याला हाच मोह होतो. म्हणून मी स्क्रू लावून झाला की त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या धातूवर. कुणी फिरवला तर ठिपका तुटतो.

बाल्कनीत जुना रुमाल अंथरून मी इंजिन खोललं. आधी नुसतं हातानं फिरवून पाहिलं. पिस्टन वर पोचताना जो घट्ट अडकल्यासारखा लागायला हवा, तो लागलाच नाही; सुरळीत, पोकळ, फिरत राहिला. इंजिनचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, काढलं. मग बाहेरचं कवच तापवलं आणि आतली नळी, जिच्यात पिस्टन वरखाली होतो ती, अलगद बाहेर काढली. इंजिन भाजून मेलेलं असतं तर पिस्टनचा माथा खरबरीत दिसला असता, प्लगची तार वितळलेली असती. तसं काहीच नव्हतं. नळीच्या आत वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते. आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाशी बोट फिरवलं तर बोटाला चिखल लागला. तपकिरी, मऊ, तेलात कालवलेली धूळ.

धूळ आत जातेच कशी? मध्ये स्पंजची गाळणी असते. ती धुवायची, वाळवायची आणि चिकट तेलात भिजवून बसवायची. तेलाशिवाय ती नुसती शोभेची. लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला धुळीचा गरम वारा, सुरू झाली त्या सुमारास मी ती धुतली होती. तेलाची बाटली संपलेली. एका फेरीनं काय होतंय, म्हणून कोरडीच बसवली — आणि विसरलो. कित्येक रविवार ते इंजिन धूळ खात होतं. मुलाचा दोष काय? शेवटच्या दिवशी रिमोट त्याच्या हातात होता, एवढाच.

ठिपका जागेवर होता. अखंड.

इथवर चूक होती. चूक कुणाची होत नाही? मी फोन उचलून म्हणू शकत होतो, मुकुंद, माझ्याकडून राहिलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या. पण मग पुढच्या वेळी मी काही सांगितलं असतं तेव्हा तो क्षणभर थांबला असता, तसाच, जसा तो सगळ्या जगापुढे थांबतो. ते थांबणं मला दिसायला लागलं. तो अजून आलाही नव्हता आणि मला ते दिसत होतं.

खालून त्याचा आवाज आला, वॉचमनशी काहीतरी हुज्जत घालत होता. लिफ्टचं दार वाजलं. मी गाळणी साबणाच्या पाण्यात टाकली. मग छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रू पिळला. मी. स्वतःच्या हातानं. ठिपका तुटला. दोन अर्ध्या चंद्रकोरी, एकमेकींपासून लांब.

मुकुंद आला, चष्मा कपाळावर सारून वाकला. मी स्क्रूकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "खूण हललीय." बस. रिपोर्टमध्ये लिहितात तसं. तो चिडला नाही, हे मला आजही खुपतं. तो खूश झाला. खुर्चीत बसून त्यानं माझ्या बायकोकडे चहा मागितला. "बघितलंत वहिनी? मी म्हणत नव्हतो?"

आठवड्याभरानं सानिका आली, एकटीच, ऑफिसातून परस्पर. मी तेव्हा नवा पिस्टन आणि नळी जुळवत होतो. हात तेलकट होते म्हणून तिच्या डोळ्यांत न बघायला निमित्त मिळालं. ती म्हणाली की तिनं प्रखरला समजावलं — सॉरी म्हणून टाक, बाबा विरघळतील, खेळणंच तर आहे. तो ऐकेना. जे केलं नाही त्याची माफी कशी मागू, म्हणे.

"इतनी छोटी चीज़ पर अड़ा हुआ है काका। मुझसे भी झूठ! तो बड़ी बात पर क्या करेगा?" मग अगदी हळू, "आप बताइए। पेच सच में घूमा हुआ था?"

कळतंय ना तुम्हाला? बापाच्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता. बाप संशयी आहे हे ती लहानपणापासून बघत आलेली. म्हणून ती माझ्याकडे आली. एक "नाही" पुरे होतं.

"हो बाळा," मी म्हणालो. "फिरवलेला होता."

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. कुणी फिरवला, हे तिनं विचारलंच नाही.

तिनं त्याच्याशी मोडलं. मग बदली मागून पुण्याला गेली. इंजिन मी नीट उभं केलं. सुरुवातीला जास्त इंधनावर, हळूहळू, थांबत थांबत चालवून. आता ते पहिल्या ओढीत सुरू होतं. मुकुंद कौतुकानं पाठीवर थाप मारतो. "पोरीला वाचवलंस तू." दर वेळी वाटतं, मला चाचपून बघतोय का हा? कळलंय का याला? पण नाही. जगात एकच माणूस आहे ज्याला तो चाचपत नाही.

मागच्या हिवाळ्यात पुण्याला निघालो होतो. अमौसीला काउंटरवर प्रखर. त्यानं ओळखलं, उठून उभा राहिला, "प्रणाम अंकल" म्हणाला, न मागता खिडकीची जागा दिली. बोर्डिंग पास माझ्या हातात ठेवताना म्हणाला, "मुकुंद अंकल से कह दीजिएगा, पेच मैंने नहीं घुमाया था। अब कोई बात नहीं है। बस कह दीजिएगा।"

मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. याला माहीत आहे, म्हणून हा हे मलाच सांगतोय? की मी भला माणूस वाटलो म्हणून? चेहऱ्यावर काही सापडलं नाही. "ज़रूर," मी म्हणालो. परत आल्यावर मुकुंदनं विचारलं, प्रवासात कुणी भेटलं का. मी म्हणालो, कुणी नाही.

आता हे लिहिलंय. मुकुंद वाचेल कदाचित. पण सानिकाला मराठी नुसतं समजतं, वाचता येत नाही, आणि लिहायला बसताना हे मला ठाऊक होतं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हिंदीत एक ओळ पुरे आहे. ती मी अजून लिहिलेली नाही.