परशुरामाच्या पानावरची भरती

“एकदा नीट लिहून ठेवलं की परत कुणाला विचारायला नको.” परशुराम हे वाक्य सारखं म्हणायचा.

डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला टेकलेल्या आमच्या कोळीवाड्यात, माझ्या शेजारच्याच घरात, तो वाढला. मानपाड्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. बाप दामाजी वाड्याचा पाण्याचा माणूस. कुठलीही होडी पाण्यात ढकलायची तर हाळी दामाजीनेच द्यायची, ही आमची रीत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, समुद्राचं पाणी आपल्या खाडीत पोचायला लागतो तो दीड तास मिळवायचा, की भरलं पाणी किती वाजता हे कळतं. मोतीबिंदूने डोळे गेले तरी दामाजीचा हिशोब कधी हलला नव्हता.

हे ज्ञान बापाबरोबर जाईल ही परशुरामाला काळजी होती. त्यात थोडा अभिमानही होता, हे मी लपवत नाही. १९९९ साली त्याने झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकून घेतली. त्या भाषेत ओळीच्या आधी सोडलेली जागासुद्धा मोजून सोडावी लागते. “जाळ्याच्या डोळ्यासारखं आहे, एक चुकला की सगळं वाकडं,” असं तो मला सांगायचा. पंचांग पुढ्यात घेऊन वर्षभराच्या तिथ्या त्याने एकेक करून टाकल्या. त्यावर प्रोग्राम लिहिला. इंटरनेटवरचं पान उघडलं की प्रोग्रामने आजची तारीख बघायची, तिची तिथी काढायची आणि भरतीची वेळ दाखवायची, एवढंच त्याचं काम.

ठाण्याला सायबर कॅफे चालवणाऱ्या उत्तमने त्याला सर्व्हरवर जागा दिली. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू असलेला दूरचा कॉम्प्युटर. फाइल चढवली तर पान उघडेना. फाइल चालवायची परवानगीच द्यायची राहिली होती. ती दिली आणि पान उघडलं. ऑफिस सुटल्यावर परशुराम पाच दिवस ठाण्याला गेला. पाचही संध्याकाळी वेळ बापाच्या हिशोबाशी जुळली.

सहाव्या दिवशी पुनव होती, रविवार होता. विधवा गोदूबाईची होडी दुरुस्त होऊन धक्क्याशी उभी होती. तिच्या घराचं पोट त्या होडीवर. एवढी जड होडी पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणातच उतरते, आणि तीही पाणी पूर्ण भरून थबकतं तेव्हा. धावत्या पाण्यात ती फिरते.

सकाळी आठला परशुरामाने स्टेशनजवळच्या कॅफेत पान उघडलं आणि कागद छापून आणला. कागदावर बारा होते. दामाजी म्हणाला, “पाऊण वाजता.”

बारा वाजत आले तसे सगळे होडीला हात लावून उभे राहिले. दामाजी काठी टेकत पुढे आला.

“थांबा रं! पानी धावतंय अजून. माझ्या कानाला कळतंय.”

“बाबा, आता पुरे. तुमची गणती थकली. यात चूक होत नाय.” परशुरामाने कागद वर धरला.

“अरे, बापसाला काय बोलतोस?” आवडाबाई, त्याची आई, मागून ओरडली.

“बाराला पाच आहेत, आये. लावा रे जोर!”

वाड्यात पहिल्यांदाच दामाजीशिवाय दुसऱ्याने हाळी दिली. होडी सुटली. दोन वाव, म्हणजे दहाबारा फूट, गेली असेल नसेल, आत येणाऱ्या पाण्याने तिला आडवी केली आणि धक्क्याच्या दगडावर नेऊन आपटली. फळी फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गोदूबाई होडीकडे धावली. कुणीतरी म्हणालं, “परशा, लाव आता कागद फळीला.” कुणी हसलं नाही. पाणी थबकलं तेव्हा पाऊण वाजला होता.

संध्याकाळी तो ठाण्याला गेला. पान पाऊण दाखवत होतं.

“सकाळी बारा होते, उत्तम. मी छापलेत.”

उत्तमने थोडा विचार केला. “सर्व्हर अमेरिकेत आहे रे. आपली सकाळ होते तेव्हा तिथे आदल्या दिवसाची रात्र असते; संध्याकाळी मात्र दोन्हीकडे तारीख एकच. तुझ्या प्रोग्रामने तारीख त्याच्या घड्याळाला विचारली. त्याने कालची सांगितली, म्हणजे चौदस, आणि चौदसीचे बाराच येतात.”

एका ओळीत दुरुस्ती झाली. परशुरामाने ती तिथेच बसून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामाजी ओट्यावर बसला होता, त्याच्यासमोर तो उभा राहिला. आम्ही चारपाच जण होतो. सगळ्यांसमोर तो म्हणाला, “बाबांचा हिशोब बरोबर होता. चूक माझी. मी आदल्या दिवसाची तिथी आणली. अवसेच्या उधाणाला हाळी बाबाच देतील.”

 दामाजी म्हणाला, “मी नाय देनार.”

“बाबा, मी पान काढून टाकतो.”

“राहू दे. तू लिवलंस ते खोटं नाय.” म्हाताऱ्याने काठी मांडीवर घेतली. “पन माझा सबूद तू चारचौघांत मोडलास. आता मी हाळी दिली तरी सगळे आधी तुझ्या तोंडाकडं बघतील. मला दिसत नाय, पन तेवढं कळतं.”

आवडाबाईने पदर तोंडाला लावला. परशुरामाने बापाचे पाय धरले. दामाजीने ते मागे घेतले नाहीत, आणि त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. एवढंच म्हणाला, “हितं काय बसलास? फळी गोदूची फुटलीय.”

परशुराम उठला. घरातून रंधा आणि हातोडी घेऊन तो गोदूबाईच्या घराकडे निघाला. ऑफिसचा डबा ओट्यावरच राहिला. तो वळणाआड जाईपर्यंत आवडाबाई दारातून बघत होती, आणि मी. दामाजीने तोंड खाडीकडे केलं होतं.