बोंबील वाळत घालणारी बाई खुनी कशी?

पत्रकाची पहिली ओळ म्हणजे मागणी, असं मला शिकवलेलं आहे. म्हणून आधीच सांगते. त्या कादंबरीतल्या बाईने खून केलेला नाही. लेखकाने तसं लिहिलेलं असलं, तरी नाही.

कादंबरी रहस्यकथा होती, परदेशी, मराठीत आणलेली. उत्तरेकडचा कुठलासा मुलूख, वर्षातले आठ महिने बर्फ. नजर जाईल तिथवर जंगल, मधोमध गोठलेलं तळं आणि तळ्याकाठी मासेमारांची पाच-सहा घरं. एक म्हातारा तळ्यावर जातो आणि परतच येत नाही. बर्फ वितळल्यावर त्याचं प्रेत सापडतं, डोक्यात घाव. शहरातून तपास अधिकारी येतो आणि चारशे पानांनंतर म्हाताऱ्याच्या बायकोला पकडून नेतो.

बोईसरच्या आमच्या वाचनालयाने हे महिन्याचं पुस्तक म्हणून निवडलं. सगळ्यांनी वाचायचं, रविवारी दुपारी जमून बोलायचं, आणि शेवटी ग्रंथपाल बाईंनी वाचकांचा अभिप्राय वहीत लिहायचा, अशी तिथली पद्धत. वही दाराशी असते. पुस्तक नेणारा माणूस आधी ती चाळतो, मग ठरवतो.

मी जवळच्या दांडी गावची, चळवळीत काम करणारी. रस्ता, पाणी, जेट्टी, ज्याच्यावर मी पत्रक लिहिलं नाही असा विषय आमच्या किनाऱ्यावर उरलेला नाही. कादंबऱ्यांवर मात्र माझा विश्वास नव्हता. हे पुस्तक मी वाचलं ते आत्यामुळे. वडिलांची ही बहीण आमच्या शेजारीच राहते. चौथीपर्यंत शिकलेली, पण आता बारीक अक्षर तिला दिसत नाही. तिला गोष्टींचा नाद भारी. बोंबलाच्या दिवसांत ती सकाळी बांबूंच्या मांडवाखाली उभी असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची, पुढची उचलायची. हात चालू, कान मोकळे. मी टोपलीशेजारी बसून वाचायची.

बर्फाची वर्णनं तिला पटेनात.

"एवडी थंडी हाय, मग मासा सुकवतात कशाला? तसाच टाकून ठेवायचा की."

"आत्या, लेखकाने लिहिलंय."

"त्यानं काय मासा बघितलाय? जेवताना बघितला असेल."

दहाबारा सकाळी अशा गेल्या. मग ते प्रकरण आलं. अधिकाऱ्याला शेजारीण सांगते, की नवरा परतला नाही त्या दिवशी ही बाई अंगणात शांतपणे मासे दोरीवर टांगत होती. 'तिचा हात एकदाही थरथरला नाही,' असं वाक्य होतं. अधिकारी टिपणवही मिटतो. प्रकरण संपतं.

मी थांबले. आत्याने जोडी दोरीवर टाकली. "थांबली कशाला? वाच."

"आत्या, हा पुरावा आहे."

"कसला?"

"नवरा बेपत्ता, आणि ती मासे वाळत घालत होती."

"मग काय गोधडीत घालील?"

तिला खरंच कळलं नव्हतं. ज्या ओळीवर बाकी सगळे वाचक दचकले, ती ओळ आत्यासाठी 'सकाळी ती उठली' एवढीच होती. तिचा संशय दुसऱ्यावरच होता. वस्तीतला एक जण सांगतो, की त्या दिवशी मी तळ्यावर जाळं ओढत होतो. पण चार पानांआधी त्याची दोरी कोरडी असल्याचं लिहिलेलं. "जाळं ओढून आलेल्याची दोरी कोरडी? तो मेला खोटारडा," म्हणून आत्याने त्याला पंधराव्या प्रकरणातच धरलं, आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

शेवटचं पान वाचलं तेव्हा तिने हातातली जोडी पुन्हा टोपलीत ठेवली.

"परत वाच."

परत वाचलं. बायको कबूल करते, तिला घेऊन जातात, बर्फ पडत राहतो.

"चुकला हा," आत्या म्हणाली. टोपलीतली जोडी उचलून दोरीवर टाकली. मग म्हणाली, "मला नेशील त्या वाचनालयात?"

तिला का यायचं होतं, ते मला ठाऊक होतं. मी शाळेत असताना आत्याच्या नवऱ्याची बोट वेळेवर परतली नव्हती. आदल्या दिवशीचा बोंबील टोपल्यांत पडलेला. आत्याने तो उचलला आणि दोरीवर टाकला, एकेक जोडी, संध्याकाळपर्यंत. तिसऱ्या दिवशी सातपाटीच्या एका बोटीने बंद पडलेली बोट ओढून आणली. मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, किनाऱ्यावर पाय टाकून पहिलं विचारलं, "माल सुकला का?" गावात कोणाला त्यात काही वाटलं नाही. पण धीर द्यायला आलेली एक दूरची नातेवाईक जाताना बोलून गेली, "काळीज नाय हिला." ते आत्याच्या कानावर पडलं. इतकी वर्षं ती त्याबद्दल बोलली नव्हती, आणि विसरलीही नव्हती. आता तोच ठपका छापून, कापडी बांधणीत, तिच्यासमोर आला होता.

रविवारी वीसेक माणसं जमली होती. वसाहतीतले निवृत्त इंजिनियर साहेब पहिले बोलले. "ती बाई म्हणजे नुसता बर्फ! नवरा गायब, आणि ही मासे टांगतेय. लेखकाने मानसशास्त्र अचूक पकडलंय."

"मला तर तिथेच कळलं," एक बाई म्हणाल्या. "आपण तर अन्नाचा घास घेणार नाही."

अध्यक्ष होते माकुणसारचे निवृत्त मास्तर, पिढीजात वाडीवाले बागायतदार. त्यांनी मान हलवली. "भावनाशून्य. दुसरा शब्द नाही."

मी उठले. काय बोलले ते आता आठवून सांगायला लाज वाटते. कष्टकरी स्त्रिया, दिवाणखान्यातले न्यायाधीश, शोषण, सगळं बोलले. आणि त्या भरात आत्याकडे बोट दाखवून तिची गोष्ट सांगून टाकली. बोट, टोपल्या, तीन दिवस. तिला न विचारता. सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. इंजिनियर साहेब हळू आवाजात म्हणाले, "अरेरे, ताई. आम्हाला कल्पना नव्हती."

आत्याने माझी ओढणी खेचली. "बस खाली. माजी कथा सांगायला तुला कोणी सांगितलं? मी पुस्तकावर बोलायला आलीय."

मी बसले. ती उभी राहिली.

"मला अरेरे नको," ती साहेबांना म्हणाली. "त्या बाईनं काय केलं ते बोला. मासा टांगला. बरं. न टांगता रडत बसली असती, तर बर्फ वितळल्यावर मासा सडला असता. नवरा परत आला असता, तर खाल्लं काय असतं? नसता आला, तर पोरांनी खाल्लं काय असतं?"

"पण ताई, शेवटी तिने स्वतः कबूल केलंय. लेखकानेच तसं लिहिलंय."

"लेखकानंच ना? मग लेखकाला धरा."

हशा पिकला. साहेबही हसले, पण हटले नाहीत. "तुम्ही पुस्तक ऐकलंय, वाचलेलं नाही. वाचताना बारकावे कळतात."

माझ्या तोंडात पत्रक तयार होतं. आत्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, मी ते गिळलं.

"ऐकणाऱ्याला डोक्यात ठेवावं लागतं, साहेब. मागचं पान उलटून बघता येत नाय. आता तुमी सांगा, तळ्यावर जाळं ओढत होतो बोलला त्या माणसाची दोरी ओली होती का कोरडी?"

साहेबांना आठवेना. कोणालाच आठवेना. ग्रंथपाल बाईंनी पुस्तक उघडून पान शोधलं. "कोरडी," त्या म्हणाल्या, आणि तेच पान पुन्हा वाचायला लागल्या.

आत्या मास्तरांकडे वळली. "मास्तर, तुमची वाडी हाय ना? पानमळा?"

"होता. वडिलांच्या वेळी मोठा होता."

"घरात कोण लय आजारी पडलं, त्या दिवशी वेलींना पाणी दिलं का नाय?"

मास्तरांनी चष्मा काढला. "आई गेली त्या सकाळी वडिलांनी आधी पानवेलींना पाणी दिलं होतं," ते म्हणाले. "मी कितीतरी वर्षं त्यांच्यावर राग धरून होतो." आत्या खाली बसली.

वेळ संपत आली तेव्हा ग्रंथपाल बाईंनी अभिप्राय लिहिला आणि वाचून दाखवला. "वाचकांनी एकमताने असं मत नोंदवलं, की रहस्याची उकल पटण्याजोगी असून खुनी स्त्रीचं चित्रण अत्यंत प्रभावी आहे."

"एकमतानं म्हणजे?" आत्याने विचारलं.

"सगळ्यांचं तेच मत, मावशी."

"माजं नाय."

"तुम्ही सभासद नाही ना पण. आणि एकीसाठी वहीतलं बदलत बसलं, तर..."

"वाचकांचं लिवलंय ना तुमी? सभासदांचं नाय लिवलं. मी वाचक हाय का नाय, एवडंच सांगा. नसेल तर जाते."

ती जायला उठली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खुर्च्या आवरायला आलेला शिपाई दारात थांबला. साहेब घड्याळ बघायला लागले. पाच मिनिटं तरी अशी गेली. धरण्याला मी शेकडो माणसांबरोबर बसले आहे, पण अशी बैठक मी पाहिली नव्हती.

शेवटी मास्तर म्हणाले, "खोडा तो शब्द. माझंही एकमत राहिलेलं नाही."

"मी माझं मत बदलणार नाही," साहेब म्हणाले.

"बदलू नका," आत्या म्हणाली. "तुमचं ऱ्हाऊ दे. पण माजं पण लिवा."

ग्रंथपाल बाईंनी 'एकमताने'वर आडवी रेघ मारली, 'वाचकांनी'च्या आधी वर 'काही' हा शब्द लिहिला, आणि खाली आत्या सांगेल तसं उतरवलं: मासा कोणासाठी थांबत नाय. त्या दिवशी जी बाई कामाला लागली तिला काळीज नाय असं बोलू नये. तपास नीट झालेला नाय.

मी सुचवलं, की 'श्रमिक स्त्रीवरील अन्याय' असं एक वाक्य घालूया. आत्या म्हणाली, "तुजं तू लिव." मी लिहिलं नाही. तीन वाक्यांत काही कमी नव्हतं.

छापलेल्या प्रत्येक प्रतीत ती बाई अजूनही पकडली जाते, ते आम्हाला थांबवता आलेलं नाही. पण बोईसरला ते पुस्तक न्यायला जो येतो, त्याला दारातच कळतं की या निकालावर हरकत आहे. साहेबांनी नंतर दोनदा सुचवलं, की खाडाखोड वाईट दिसते, पान नव्याने उतरवून घ्यावं. ग्रंथपाल बाईंनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारतील, तेव्हा मी आत्याला घेऊन तिथे हजर असेन.