चटणीची बाजू

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म दिव्यावर लावली. "मेंदूत उजवीकडे गाठ आहे. मेनिंजिओमा वाटतोय, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ. बहुतेकदा कर्करोगाची नसते, पण काढावी लागेल."

मुलांनो, तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी त्यांच्या डावीकडे बसले होते.

त्याआधी काही महिने आमच्या उमेळे गावात जमिनी विकत घ्यायला बिल्डर फिरू लागले होते. आमची मोगऱ्याची वाडी दोघा भावांत सामायिक. धाकटे भाऊजी शेजारीच राहत. एके सकाळी पाहते तर मोगऱ्याच्या प्रत्येक झाडाची उजवी बाजू खुडलेली, डावीकडे कळ्या तशाच. सासऱ्यांच्या काळात भांडणानंतर याच झाडांची अशी वाटणी झाली होती. मला वाटलं, भावाभावांनी वाडीची वाटणी परस्पर ठरवली.

मी भाऊजींना गाठलं. ते हसले.

"वहिनी, वाटणी केली असती तर चांगली बाजू मी सोडली असती का? दादा हल्ली मलाच धडकतो, वर शिव्याही मलाच देतो!"

माझा विश्वास बसला नाही. मी पाळत ठेवली.

सकाळी उठताच यांचं डोकं दुखे, ओकारी होई, मग जरा बरं वाटे. "पित्त आहे," म्हणत. डावा खांदा चौकटीला लागे. दारूचा संशय येऊन मी तोंडाचा वासही घेतला. काही नाही.

एका दुपारी ते जेवताना ओरडले, "आज चटणी वाढली नाहीस?"

चटणी होती. नेहमीसारखी, ताटात डावीकडे. मी ताट फिरवून चटणी उजवीकडे आणली.

"आता कुठून आली ही?"

माझा वाटणीचा संशय तिथेच संपला आणि दुसरा, फार वाईट संशय सुरू झाला.

ओळखीच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या. मी त्यांना ताटाचं सांगितलं, तसं त्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्कॅनची चिठ्ठी दिली.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. पण रोज सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल, माणूस एकाच बाजूला धडकत असेल, तर पित्तावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना सगळं सांगा, ताटातलंसुद्धा.

मुंबईत ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर भाऊजी माझ्याजवळ बसून होते. गाठ साधी निघाली. पेन खाली ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांना मी रोज देवापुढे आठवते.

घरी आल्यावर पहिल्या जेवणाला यांचं बोट हळूहळू डावीकडे गेलं.

"मीठ जास्त झालंय चटणीत," ते म्हणाले.

मी आणखी वाढली.