पुरे म्हणेपर्यंत

शहागडाहून सकाळच्या मोटारीने निघालो तेव्हा गोदावरीवर धुकं होतं. माझ्या शेजारी सखू, माझी धाकटी बहीण. नवरा वारल्यापासून चार महिने तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. येत्या अवसेला सासरचे तिला भूत उतरवणाऱ्या देवऋषाकडे नेणार होते. तो वेताने मारतो. मी म्हटलं, आधी दोन दिवस माझ्यासंगं द्या.

"झोपली तर ठीक," तिचा थोरला दीर म्हणाला, "न्हाईतर मंग आमचं आम्ही बघू."

अंबडला गर्दी चढली. एक फेटेवाला म्हणाला, "मावशी, सरका की. मोटार तुमच्या बापाची हाय का?"

"बापाची असती तर तुला चढू दिलं नसतं."

सगळे हसले. सखू हसली नाही. तिचे डोळे बाजारातल्या माशासारखे उघडे होते.

जालन्यात माझी भाची वत्सला, भावाची मुलगी, कापसाच्या जिनिंगच्या मागे राहते. गल्लीभर सरकीचा वास. तिची सासू चैत्रात वारली, आणि जावई फिरतीवर होते. घरात आम्ही तिघीच. जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा होता. सखूने अर्धी भाकरी कुस्करून ठेवली.

रात्री सिनेमाला गेलो. विधवेला सिनेमाला नेलं म्हणून गावात बोलले. बोलोत. सखूने पडद्याकडे पाहिलंच नाही. मागून येणारा उजेडाचा पट्टा पाहत होती.

"अक्का," ती म्हणाली, "त्यातून माणसं येऊन राह्यलीत."

परतताना टांगा मिळाला नाही. सखूच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून ती थंड रस्त्याने अनवाणी चालली.

घरी वत्सलाने मीठ टाकून गरम पाणी दिलं. त्यात पाय बुडवून बसलो. मग जायफळ घातलेलं दूध. मग तिने काशाची वाटी काढली, सखूच्या तळव्यांना तूप लावलं आणि वाटीने घासू लागली. असं केलं की अंगातली उष्णता उतरते आणि तूप काळं पडतं.

"आमच्या घरचा नियम हाय, आत्या. समोरचा 'पुरे' म्हणेपर्यंत हात थांबवायचा न्हाई. सासूबाई बिलकुल थांबत नव्हत्या. वाटी त्यांचीच."

"मंग घास रातभर," मी म्हटलं.

पण थोड्या वेळाने तीच पेंगायला लागली. वाटी सखूच्या पायाशी ठेवून माझ्या शेजारी आडवी झाली आणि घोरू लागली. सखू छताकडे बघत पडली होती. मी दिवा मालवला.

मग आवाज सुरू झाला. तळव्यावर वाटी फिरण्याचा, सावकाश, एका लयीत.

मी हात लांबवला. वत्सला शेजारीच होती. सखूच्या पायथ्याशी अंधार जरा दाट होता. मी 'पुरे' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सखूचा श्वास ऐकू आला. लांब, जड. चार महिन्यांत तसा ऐकला नव्हता.

मी तोंड मिटलं. कोंबडा आरवेपर्यंत जागी राहिले.

उजाडताना सखूने आळस दिला आणि स्पष्ट म्हणाली, "पुरे."

आवाज थांबला. वाटीला हात लावला तर ती गरम होती. सखूचे तळवे तव्यासारखे काळे झाले होते.

वत्सला उठली. "माझा डोळा लागला म्हणून मी मधेच सोडलं, आत्या. पुरे म्हणल्या का त्या?"

"आत्ता म्हणली."

ती वाटीकडे बघत राहिली. मग तिने ती फडक्यात बांधून माझ्या पिशवीत टाकली. "तुम्ही घेऊन जा."

परतीच्या मोटारीत सखू माझ्या खांद्यावर झोपली. माझं लुगडं लाळेने भिजवलं. शहागडला उतरवून घ्यायला दीर आला होता. दोनदा हाका मारल्या तरी ती उठेना, तेव्हा अवसेची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

जालन्यात काय पाहिलं असं बायका विचारतात. सिनेमा पाहिला म्हणून सांगते.

मी एकटी राहते. रात्री मिठाच्या पाण्यात पाय बुडवते, जायफळाचं दूध पिते. वाटी चुलीपाशी पालथी ठेवलेली असते. दिवा मालवण्याआधी मोठ्याने 'पुरे' म्हणते. पाय फार दुखत असले, तर म्हणायला जरा उशीर करते.