हालु म्हंजे काय?

मला कन्नडचे पंधरा शब्द येतात. त्यातले सहा आकडे आहेत.

दुष्काळाच्या साली माझी बायको सुमन सहा महिन्यांच्या मुलीसह माहेरी, गुलबर्ग्याकडं होती. लेकीला धाडण्याआधी आमच्याकडं काय परिस्थिती आहे ते बघायला सासरे बेंबळीला आले. ते आम्हा दोघांना कळणाऱ्या उर्दूत बोलणार होते, पण मीच अडवलं. "मामा, कन्नडच बोला. मला समजतं."

"हालु अद एन?" त्यांनी विचारलं.

हाल आहेत का? आता हे काय विचारणं झालं?

"लई हाल," मी म्हणालो. तेच कन्नडमध्येही सांगितलं, "भाळ हालु."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "रोज?"

"रोज. सकाळी हाल, संध्याकाळी हाल."

ते आणखीच खुलले. आई चुलीपुढून पुटपुटली, "आमी पाण्याला महाग झालो, अन् ह्यो माणूस हसतोय."

मीही वैतागलो. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. गावातल्या म्हशी आटल्या होत्या, म्हणून संस्थेच्या कॅनमध्ये मी टँकरचं पाणी भरून ओसरीवर ठेवलं होतं. निदान ते बघून तरी माणसाला दया येईल म्हणून कॅनची रांग दाखवली. सासऱ्यांनी एकेका कॅनवरून मायेनं हात फिरवला आणि दुपारच्या एसटीनं गेले.

आठ दिवसांनी सुमन आली. कडेवर मुलगी, मागं धाकटी बहीण, बहिणीची दोन पोरं आणि एक भली थोरली कढई.

"कढई कशाला?"

"खव्याला. आप्पा म्हणले, तुमच्याकडं दोन्ही टायमाला लई दूध हाय."

"मी दुधाचं नावबी काढलं न्हाय."

"काढलं की. हालु म्हंजे दूध."

"मला वाटलं, हाल म्हंजे हाल."

सुमननं एका कॅनचं झाकण उघडलं, आतलं गढूळ पाणी बघितलं आणि झाकण लावलं. "आवो, येत नसंल तर गप बसावं माणसानं."

मुलगी भुकेनं रडत होती. मी सायकल काढली, तीन गावं पालथी घातली आणि येडशीजवळ एक दुभती शेळी मिळवली. दूध संस्थेचा सचिव कॅरियरवर शेळी बांधून येतोय, हे संस्थेच्या सगळ्या सभासदांनी पाराजवळ उभं राहून बघितलं.

महिन्यानं सासरे पुन्हा आले. या वेळी घोटाळा नको म्हणून त्यांनी माझा हात हातात घेऊन सरळ उर्दूत विचारलं, "क्या हाल है, जावईबापू?"

मीही आता शहाणा झालो होतो.

"शेळीचं आहे," म्हणालो, "दोन्ही वेळचं मिळून अर्धा शेर."