कौसाबाईची वेगळी चूल

पहिल्याच भेटीत कौसाबाईंनी माझ्या नाकाखाली एक गाडगं धरलं आणि म्हणाल्या, "घे, वास घे. कसा येऊन राह्यला सांग."

लग्न होऊन मी वर्ध्याहून चामोर्शीला आले, त्याला आठवडाही झाला नव्हता. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. माझ्या ट्रंका अजून उघडायच्या होत्या आणि ही उंच, तोंडभर देवीचे वण असलेली, पांढऱ्या कपाळाची शेजारीण मागच्या अंगणातून सरळ माझ्या चुलीपर्यंत आली होती. गाडग्यातून असा आंबूस, उग्र भपकारा आला की मी पदर नाकाला लावून मागे सरले. मला वाटलं, बाई आता रागावणार. पण त्या खूश झाल्या.

"म्हनजे बराबर आंबले," त्या म्हणाल्या. "वास्ते होत हे. बांबूचे कोंब. उद्या भाजी आनून देतो तुले."

बाईमाणसानं "आनून देतो" म्हणावं याचंही मला नवल वाटलं. त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी भाजी आली. मी भीतभीत घास घेतला आणि थक्क झाले. कालचा तो भपकारा कुठे गेला होता कोण जाणे. ताटात आंबटसर, खमंग, दाताखाली करकरणारी भाजी होती.

पुढे वर्षभर त्यांनी मला जंगल खायला शिकवलं. पावसात कुड्याची फुलं, तरोट्याचा कोवळा पाला, वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्याधोप सात्या, म्हणजे अळंब्या. हिवाळ्यात शेतातल्या लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी. चैत्रात वेचून वाळवलेली मोहफुलं भाजून, तीळ घालून केलेले लाडू. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जंगल देते तवा घ्या लागते. मंग मांगाल तं देत नाई." आणि दुसरं, मला फोडणी शिकवताना म्हणायच्या ते: "अवो मास्तरीनबाई, वाकून काय पाहून राह्यली? फोडनी कानानं आयका लागते. मोहरी बोलाची थांबली का कांदा टाक." खरंच, त्या चुलीकडे पाठ करून पाटावर वाटण वाटत बसायच्या आणि तव्यावरची भाकरी नेमकी वेळेला उलटायच्या. आणि काहीही शिजलं की जो समोर येईल त्याला विचारायच्या, "वास कसा येते?" आम्ही तोंड भरून सांगायचो. मला वाटे, सुगरणीला कौतुक ऐकायची हौस असते, तशी ही.

गावात कोणाच्याही घरी लग्न निघालं की भाताच्या हंड्यापाशी कौसाबाई उभ्या राहिल्याशिवाय त्या घरधन्याला चैन पडत नसे. घरात मात्र त्या दिराच्या आश्रयाला होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दीर वामनभाऊ हा सरळ, अबोल शेतकरी. त्याची बायको सुमन चांद्याची, चार बुकं शिकलेली आणि जिभेनं तिखट. मला ती फारशी आवडत नसे. कौसाबाई तिच्याबद्दल कधी वावगं बोलल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "चूल हातात हाय तवरी मी या घरची. चूल गेली का मी पाहुनी."

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी वामनभाऊंनी चांद्याहून पंपाचा स्टोव्ह आणला. पितळी, लखलखीत. गावात तसा दुसरा कोणाच्या घरी नव्हता. ओल्या लाकडांच्या धुरानं सुमनच्या तान्ह्या मुलीला खोकला होई, म्हणून सुमननं तो मागवला होता. आळीतल्या बायका पाहायला जमल्या. वामनभाऊंनी पंप मारला, काडी लावली आणि निळी ज्योत अशी घरघरली की पुढच्या बायका दचकून मागच्यांच्या अंगावर गेल्या. सगळ्या हसल्या. कौसाबाई हसल्या नाहीत. त्या कानावर हात ठेवून उभ्या होत्या.

"हा तं बम जोरानं ओरडते," त्या मला म्हणाल्या. "याच्यापुढं मले फोडनी आयकू कशी येईन?"

मी ते थट्टेवारी नेलं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या घरून आलेली वरणाची वाटी मी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. लसूण जळून कडू झाला होता. कौसाबाईंच्या हातचं वरण कडू! मला खरं वाटेना, म्हणून मी यजमानांना चाखायला दिलं. त्यांनीही तोंड वाकडं केलं. दोन दिवसांनी भाकरी करपली. सुमन आपल्या अंगणातून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सारं घर धुपलं तरी यायले पत्ता नाई!"

मग श्रावणातली ती सकाळ. वामनभाऊ बांधावर गेले होते, सुमन विहिरीवर. मी त्यांची वाटी परत द्यायला मागच्या अंगणातून निघाले, तर दारापासूनच रॉकेलचा वास नाकात शिरला. एवढा, की डोळ्यांत पाणी आलं. मी धावत आत गेले. स्टोव्हचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. पंप मारताच तेल फेसाळून बाहेर उडालं होतं. पाटाखाली थारोळं झालं होतं, पण श्रावणातल्या ओलसर जमिनीवर ते पाण्यासारखंच दिसत होतं. त्यांच्या लुगड्याचा काठ भिजला होता. पाठीमागे आढ्याला बांधलेल्या झोळीत सुमनची मुलगी झोपली होती. आणि कौसाबाई शांतपणे काडी ओढत होत्या.

"अहो, नका!" मी ओरडले. पण तोवर काडी पेटली होती.

भक्कन जाळ उठला. जमीनच पेटली असं वाटलं. माझे पाय खिळले. कौसाबाईंनी मात्र किंकाळीसुद्धा फोडली नाही. त्यांनी तो पेटता स्टोव्ह उजव्या हातानं उचलला आणि मागच्या दारातून बाहेर चिखलात भिरकावला. "पोरगी!" एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे मी झोळीकडे धावले आणि मुलीला उचलून अंगणात आणलं. मागे वळून पाहते तो त्या लुगड्याचा पेटलेला काठ जमिनीवर घासत होत्या. मी रांजणाजवळचं ओलं गोणपाट त्यांच्यावर टाकलं. जाळ विझला. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. झोळीची एक दोरी काळी पडली होती.

दवाखान्यातला कंपाउंडर येऊन पट्टी बांधून गेला. वामनभाऊ धापा टाकत घरी आले होते. सुमन मुलीला छातीशी धरून उभी होती.

"मास्तरीनबाईले अंगनात वास आला," ती कौसाबाईंना म्हणाली. "तुमी तं तेलात बसून होत्या! नाकाले काय झालतं तुमच्या?"

कौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मले नाकच नाई."

आम्हाला समजेना.

"लहानपनी देवी आल्या होत्या. तवापासून वास येत नाई. ना फुलाचा, ना शेनाचा."

"आन इतके वर्ष सयपाक?" वामनभाऊंनी विचारलं.

"कानानं केला. बोटानं केला. खारट-आंबट जिभेले समजते." त्यांनी पहिल्यांदाच दिराकडे नजर उचलून पाहिलं. "माय म्हने, सांगशील तं कोनी करून नेनार नाई. म्हनून लगनाच्या आंदी नाई सांगतलं. मंग तुमच्या भावाले सांगतलं. ते रोज आंघोय करून चुलीपाशी येऊन बसत. दूध नासलं का, भात लागला का, ते सांगत. लोकं हासत, बायकोच्या पदराआड बसते म्हनत. त्यायनं हासू देल्लं. ते गेले आन माहं नाक गेलं."

वामनभाऊ उंबरठ्यावर बसले. ज्या बाईच्या हातचं ते लहानपणापासून जेवत होते, तिच्याबद्दल ही गोष्ट त्यांना आज कळत होती. "वास कसा येते?" हा प्रश्न मी हौस समजत होते, आणि ती बाई मला आंधळ्यानं वाट विचारावी तशी विचारत होती.

सुमननं डोळे पुसले. "आजपासून तुमी या चुलीपाशी बसाचं नाई," ती म्हणाली. मूल वाचलं होतं हेच नशीब.

"बसत नाई," कौसाबाई म्हणाल्या. "पन गावात सांगू नका. लगनाच्या सयपाकाले मंग मले कोनी बोलावनार नाई." आम्ही तिघांनी मान डोलावली.

पट्टी सुटली, हात बरा झाला, कातडी मात्र आखडून गेली. स्टोव्ह पुन्हा पेटला नाही, पण सुमन चुलीवर रांधे आणि कौसाबाई ओसरीवर बसून असत. सुमन सगळ्यांच्या आधी त्यांना ताट वाढे. त्या दोन घास खात आणि बाकीचं झाकून ठेवत. तोंडावरचे वण खोल गेल्यासारखे दिसू लागले. माझ्याशीही बोलणं तुटलं. जंगलात वास्ते निघाले, सात्या येऊन गेल्या. त्यांनी काही आणलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास मी त्यांच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. वामनभाऊ शेतातून येऊन पाय धूत होते. कौसाबाई एकदम म्हणाल्या, "भाऊजी, गोठ्यापासची खोली मले द्या. मी माही चूल मांडतो."

वामनभाऊंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. विधवा भावजयीनं वेगळी चूल मागायची, असं त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. माझ्या हातातले तांदूळ सुपात पडले.

"वयनी, काय बोलून राह्यल्या?" ते म्हणाले. "लोकं म्हनतील, दादाची बायको घराबाहेर काढली. काही कमी हाय का तुमाले इथी?"

"काई कमी नाई. म्हनूनच मांगतो. बसून खाल्लं का मानूस आतून मरते. तिथी झोरी नाई, लेकरू नाई. आग लागली तं मीच जाईन."

"नाई म्हनजे नाई!"

तेवढ्यात आतून सुमनचा आवाज आला. "द्या त्यायले खोली."

वामनभाऊ दाराकडे पाहत राहिले, आणि मीही. किती चटकन बोलली ही, मला वाटलं. जशी या घडीची वाटच पाहत होती.

कौसाबाईंनी डाव्या हातानं माती कालवून चूल घातली. पहिल्या दिवशी त्यांनी काय शिजवलं ते मला आठवत नाही. आठवतो तो त्यांचा चेहरा. लाकडं तडतडली, मोहरी उडाली आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग लग्नसराई आली आणि त्या पुन्हा हंड्यापाशी उभ्या राहिल्या.

गावानं मात्र सुमनला सोडलं नाही. "देवासारखी बाई गोठ्यात टाकली," विहिरीवर बायका तिला ऐकवून म्हणत. हळदीकुंकवाला कोणी तिला बोलावलं नाही. एका म्हातारीनं तर भर रस्त्यात तिच्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं. सुमन घागर उचलून निघून जाई. एवढी तिखट जिभेची बाई, पण उलटून एक शब्द बोलली नाही. मला वाटे, अपराधाचं ओझं, दुसरं काय.

माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही बल्लारशाला गेलो. निघताना कौसाबाई बैलगाडीपर्यंत आल्या, आखडलेल्या हातानं माझ्या ओटीत चारोळी घातली आणि मागं न पाहता परत गेल्या.

बऱ्याच वर्षांनी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत, वैनगंगेच्या वाळूत, मला सुमन भेटली. केस पिकू लागले होते. तिनंच हाक मारली. कौसाबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या, ती म्हणाली. ताप आला आणि लवकरच संपल्या. "शेवटच्या लगनाचा भात त्यायनंच उतरवला. गावानं नाव काढलं."

"एवढी वर्षं एकट्यानं कसं निभावलं हो त्यांनी?" मी म्हटलं. "वासाचं कोण सांगायचं?"

"मी," सुमन म्हणाली.

"तू?" मी विचारलं.

"रोज मांगच्या दारानं जात होती. तेल, पीठ, दूध हुंगून देत होती. लगनाच्या मांडवात बी, बोलावनं नसलं तरी, मी हंड्याच्या आसपासच राहो." ती वाळूत बोटानं रेघा ओढत होती. "माह्या घरात त्यायचा हात कापत होता, मास्तरीनबाई. माह्या धाकानं. पोरीच्या झोरीकडं पाह्यलं का भांडं सुटे हातातून. म्हनून म्हनलं, द्या खोली."

विहिरीवरचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "अगं, मग लोकांना का नाही सांगितलंस? केवढं बोलले तुला! एका शब्दानं तोंडं बंद झाली असती."

"त्यायले शब्द देल्ला होता ना आपन."

"आता तर त्या गेल्या," मी म्हटलं. "आता तरी सांग."

सुमन उठली, लुगड्याची वाळू झटकली. दूरवर तिची मुलगी, चांगली वाढलेली, तिला हात करून बोलावत होती.

"आता काऊन सांगू?" ती म्हणाली. "आख्ख्या गावानं त्यायच्या हातचं गोड करून खाल्लं हाय. मेल्यावर त्या घासाले कायले नाव ठेवाले लावू?"

आणि ती गर्दीत निघून गेली.