अकरा वाजताचा हसरा चेहरा

“मुलाचा हात मोडला त्या दिवशी आई हसतेय,” मॅडम म्हणाल्या.

पडद्यावर माझं नाव होतं. नावापुढे महिन्याभराचे चौकोन, आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात एक पिवळा हसरा चेहरा. मॅडमनी त्यातल्या एकावर लाल ठिपका धरला. ठाणे शहरातल्या मॅडमच्या संस्थेच्या सभागृहात आम्ही बारा-पंधरा पालक बसलो होतो. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी मान खाली घातली. चोरीची केस पोरावर, आणि चोरासारखी मी बसलेली.

माझा मुलगा सोळा वर्षांचा. मित्राने मोटारसायकल चोरली, हा मागे बसला. बसायला नको होतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तेव्हापासून तो निरीक्षणगृहात आहे. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. घरात पोरावर लक्ष ठेवायला कोण आहे, त्याला आईच्या ताब्यात द्यायचं की नाही, याचा अहवाल ही संस्था बाल न्याय मंडळापुढे ठेवणार होती. पोराचं घरी येणं त्या कागदावर अडलं होतं.

त्याच संस्थेने आमच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. पालकांना ताण येतो म्हणे, तो हलका करायला. रोज सकाळी अकराला ते विचारणार, आज कसं वाटतंय? पाच चेहरे. एक दाबायचा. मग एक बाई गोड आवाजात सांगणार, खोल श्वास घ्या. मी मानपाड्याला राहते, कारखान्यांच्या पाठीमागे. आमच्याकडे माणसं श्वास जपून घेतात. तरी पहिल्या दिवशी मी घेतला. शुक्रवार होता, कंपनीला सुट्टी. इतक्या महिन्यांत कुणीतरी माझी विचारपूस केली म्हणून मला रडू आलं. खोटं कशाला बोलू?

पण मी पॅकिंगला आहे. सकाळी आठला गेटवर मोबाईल जमा करायचा, संध्याकाळी सहाला परत घ्यायचा. ॲपमधला प्रश्न बाराला बंद व्हायचा. चार दिवस माझे चौकोन लाल झाले. लगेच मॅडमचा निरोप, ‘पालकांचा सहभाग कमी.’

शेजारच्या कमलकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, मोबाईल माझ्याकडे ठेवून जा ना. मी दाबते. त्यात काय एवढं?”

“कुठला दाबाल?”

“हसराच दाबणार. रडका दाबला तर बोलतील, हिचंच धड नाही, ही पोराला काय सांभाळणार!”

मला पटलं. चूक माझीच. कागद घेऊन कुणी दारात आलं की सगळं ठीक आहे म्हणायचं, ही आमची सवय. शुक्रवारी मोबाईल हातात असायचा, तेव्हा मीसुद्धा हसराच दाबायचे. दाबून झालं की भांडी घासायला बसायचे आणि रडायचे.

त्या मंगळवारी सकाळी दहाला पोरांची आत मारामारी झाली. माझा मुलगा जिन्यावरून पडला. मला फोन आला साडेसहाला, काकूंकडून मोबाईल घेऊन मी घरात पाऊल ठेवत होते तेव्हा. काकू दिवसभर मोबाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एक मिस्ड कॉल नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचले. प्लास्टर घातलेला हात पोटावर ठेवून त्याने एवढंच विचारलं, “काल का नाही आलीस?”



आणि आता हे. “काय मावशी? तुझ्याच मोबाईलवरून आलंय,” मॅडम म्हणाल्या. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असतील.

पडद्यावर माझ्या खालची ओळ पूर्ण रिकामी होती. ज्यांच्या मुलाने गाडीखाली माणूस चिरडला त्या साहेबांची. त्यांचा मुलगा पंधरा दिवसांत घरी गेलेला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. साहेब बैठकीलाही आले नव्हते. “सर फार बिझी असतात,” मॅडम म्हणाल्या, आणि ठिपका पुढे सरकला.

मग त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. “पालक भावनिकदृष्ट्या अलिप्त, असं लिहिलंय. इथे सही कर.”

पेन हातात घेतलं. ‘काल का नाही आलीस’ कानात वाजत होतं. मी उभी राहिले.

“मॅडम, हात मोडला दहाला. मला कळवलं साडेसहाला. मग अकराला मी रडायचं कशावरून?”

कुणी हसलं नाही.

“तो चेहरा माझ्या शेजारणीने दाबला, ते लिहा. कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, ते लिहा. साडेआठ तास आईला का नाय कळवलं, ते पण लिहा. मग सही करते.”

“अहो, हे सगळं तुमच्यासाठीच आहे ना!”

“माझ्यासाठी आहे, तर मला विचारा. माझ्यावर केस करायला नको.”

पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले. टेंभी नाक्यापर्यंत चालत आले. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून पोटभर रडले. ॲपवाली बाई सांगायची तसा श्वास घ्यायला गेले, तो येईना.

अहवाल पुढच्या तारखेवर गेला. पोरगा अजून आतच आहे. मी सही केली नाही म्हणून लांबलं, असं काकूंनाही वाटतं. मलाही कधी कधी वाटतं, आणि मग जेवण जात नाही. त्याचा हात जरा वाकडाच जुळलाय.

ॲप मी काढलं नाही. पण काकूंना सांगितलं, आता दाबू नका, होऊ दे लाल. दर शुक्रवारी मी माझ्या अक्षरात लिहून संस्थेत नेते. या आठवड्यात झोप लागली नाही. मुलाला भेटले. तो बोलला नाही. कंपनीच्या गेटचा नंबर हा, काही झालं तर त्याच तासाला कळवा. कागदाच्या दोन प्रती. माझ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का पडेपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही.

पुढच्या तारखेला हे सगळे कागद मी स्वतः मंडळापुढे ठेवणार आहे. आईचा चेहरा बघायचा असेल तर इकडे बघा, म्हणणार आहे. आणि मान खाली घालणार नाही.